तीन हजार पन्नास पावलं

आबांच्या मनगटाला तो काळा पट्टा बांधायचा की नाही, यावरून घरात दोन तट पडले तेव्हा आबा स्वतः ओसरीवर बसून फडक्यानं कैऱ्या पुसत होते. मनगट त्यांचं होतं, मत मात्र बाकी सगळ्यांना होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, दोन दिवसांवर आलेली. सारिका सकाळच्या बसनं धुळ्याहून माहेरी येऊन पोचली होती, आणि आल्या आल्या अंगणातल्या निंबाला झोका बांधून मागत होती. वय चौतीस, पण आखाजीला ते कोण मोजतं! दुपारी जळगावहून मुलगा भूपेंद्र, सून सुलक्षणा आणि त्यांची लेक ऋतिका गाडीनं आली. ऋतिकाच्या पिशवीतून आधी पट्ट्याचा खोका निघाला, कपडे नंतर.

"घड्याळ हाये का व?" झुंबरबाईंनी विचारलं.

"घड्याळच, आजी. पण हे पावलं मोजतं. नाडी मोजतं. रात्री झोप किती लागली तेही सांगतं."

"झोप लागली का नाही, ते ज्याचं त्याले कळत नाही का?"

आबा गालात हसले. पण भूपेंद्रनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि घसा साफ केला, तेव्हा त्यांचं हसू आवरलं. घसा साफ करून बोलायला लागला की हा मुलगा कंपनीतल्या मीटिंगसारखं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"आबा, सरळ सांगतो. पाडव्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही मोटरच्या खोलीजवळ पडलात. घरून निघालात पाचच्या आत. आपला गडी बारकू सांगत आला साडेसातला. मधल्या अडीच तासांत तुम्ही किती वेळ जमिनीवर होतात, ते आजपर्यंत कोणालाच माहीत नाही."

"मले तरी कुठी ठावं? मी पडेल होतो."

सारिका फिसकन हसली. भूपेंद्र हसला नाही. त्या अडीच तासांचा हिशेब तो महिनाभर मनातल्या मनात करत होता, आणि तो प्रत्येक वेळी वेगळाच यायचा.

"हसण्यावारी नका नेऊ. डॉक्टर म्हणाले, साखर अशी अचानक उतरणाऱ्या माणसानं एकटं फिरू नये. आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर हा बँड हातात राहील. नाहीतर मळा बटाईनं देऊ आणि तुम्ही दोघं जळगावला चला."

आबांच्या हातातली कैरी फडक्यात तशीच राहिली. जळगावचं भूपेंद्रचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. गॅलरीतून दुसऱ्या इमारतीची गॅलरी दिसायची, आणि तिथला माणूसही कंटाळून इकडेच बघत असायचा. मोतीबिंदूच्या वेळी आबा तिथं अकरा दिवस राहिले होते. बाराव्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीतल्या फरश्या त्यांनी तीन वेळा मोजल्या, आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला म्हणून ते पिशवी भरून बसस्टँडवर गेले होते.

"दादा, माणसाला बिल्ला लावतोयस," सारिका म्हणाली. "गायीच्या कानात लावतात तसा. उद्या आबांना नंबर देशील."

"वन्सं, तुम्ही धुळ्याला असता," सुलक्षणा शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी अंगावरच्या कपड्यानिशी गाडीत बसून आम्ही आलो."

"मी नको म्हटलं का? आधी आबांना विचारा, इतकंच म्हणते."

"सनासुदीले हातात काया पट्टा कसाले?" झुंबरबाईंनी सारिकाची बाजू घेतली. "बांधायचंच तं लाल दोरा बांधा."

ऋतिका एवढा वेळ खोक्यातली बारीक अक्षरातली पुस्तिका वाचत होती. आकडा खोटा बोलत नाही, माणूसच तो नीट वाचत नाही, असं तिचं म्हणणं असायचं. एम.एस्सी. होऊन ती माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागल्यापासून तर हे म्हणणं घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. "आजी," ती मान वर न करता म्हणाली, "आबा किती वेळ चालले, किती वेळ बसून राहिले, सगळं मिनिटागणिक दिसतं."

"बसेल किती वेळ, तेही?"

"तेही."

झुंबरबाईंनी परात बाजूला सरकवली. "म्हंजे, मळ्यात जातो म्हनून अंधारात निघतात अन् आठ-आठ वाजेपर्यंत येत नाही. तठी काम करतात का बांधावर बसेल राहतात, ते कळीन?"

"कळेल."

"मंग बांध."

सारिका बघतच राहिली. लाल दोऱ्याचा पक्ष मिनिटभरसुद्धा टिकला नव्हता.

आता सगळे आबांकडे बघत होते. आबांनी हातातली कैरी उजेडात धरून तिच्यावर डाग आहे का ते नीट पाहिलं. मग, त्या कैरीलाच विचारावं तसं, म्हणाले, "हे सांगतं का, मानूस कुठी गेलता ते?"

"हा एकटा नाही सांगत," ऋतिका म्हणाली. "मोठा फोन खिशात असेल तरच. तुमचा तर बटणांचा आहे, तोही घरीच ठेवून जाता. दोन दिवस नुसता बांधून बघू. घरी आल्यावर माझ्या फोनमध्ये आकडे उतरवून घेईन. पटलं तर मोठा फोन घेऊ."

"म्हंजे कुठी ते नाही कळत."

"नाही."

"मंग बांध," आबा म्हणाले, आणि मनगट असं पुढं केलं की भूपेंद्रलाच चुकल्यासारखं झालं. त्यानं तासाभराच्या वादाची तयारी केली होती.

संध्याकाळी ऋतिकानं आबांना अंगणात चालायला लावलं. दहा पावलं. मग टेप लावून अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं: पाच मीटर वीस.

"हे कसाले?"

"असंच. तुमचं एक पाऊल बावन्न सेंटिमीटरचं आहे. हा पट्टा अंतर काढताना सगळ्यांचं पाऊल जवळपास सारखं धरतो, ते मला पटत नाही."

आबांनी मान डोलावली. नात आपल्या पावलांचं एवढं कौतुक करते, हे बघून त्यांना बरं वाटलं.

*

पाचला दहा कमी असताना आबा घराबाहेर पडले. गावाबाहेर मारुतीच्या पारापाशी रस्ता फुटतो. डावीकडचा पाटाच्या कडेनं त्यांच्या मळ्यात जातो. आबा उजवीकडे वळले. गेली चार वर्षं ते रोज उजवीकडेच वळत होते.

पहाटेची हवा अजून गार होती. दोन्ही अंगांना केळीची बाग, घड झाकलेले, आणि नळ्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा वास. अर्ध्या तासानं लोटनच्या मळ्यातलं घर आलं. बाहेर खाटेवर लोटन बसला होता. तो आबांचा सख्खा धाकटा भाऊ. आबांच्या घरात नऊ वर्षांत त्याचं नाव कोणी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी सारिकाचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला गेली. खाली 'आपले विनीत' म्हणून घरातल्या बारा पुरुषांची नावं आली, त्यात मुंबईचा चुलत आतेभाऊसुद्धा होता, फक्त लोटन नव्हता. पुतणीच्या लग्नात सख्ख्या काकाचं नाव नाही! पत्रिका गावभर वाटून झाल्यावर ते लोटनच्या लक्षात आलं, आणि तो लग्नाला आला नाही. बायकोला, मंदाबाईलाही, त्यानं येऊ दिलं नाही. मांडवात जो तो काका-काकू कुठं म्हणून विचारत होता, आणि झुंबरबाई उत्तरं देऊन देऊन थकल्या होत्या. वरात गेल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या पोरीच्या लग्नाले जे आले नाहीत, त्याईच्या दारात माझा पाय पडनार नाही." आणि बोलल्याप्रमाणे पडला नव्हता.

आबांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की प्रेसवाल्यानं नाव गाळलं. ते खोटं होतं. प्रेसवाल्यानं छापण्याआधी कागद वाचायला दिला होता. आबांचा चष्मा घरी राहिला होता. चष्म्यासाठी परत कोण जाणार, म्हणून त्यांनी कागदावरून नुसती नजर फिरवली आणि खाली सही ठोकली होती.

पाच वर्षं त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. मग एका पहाटे नाल्याजवळ दोघे भाऊ समोरासमोर आले. कोणीच वाट सोडेना, तेव्हा आबांनी एका दमात सांगून टाकलं. लोटननं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, "चष्मा नव्हता म्हनून?" आणि दोघे नाल्याच्या काठावर बसून इतके हसले की बगळे उडाले. त्या दिवसापासून हा चहा चालू होता. पण घरी सांगायचं म्हणजे झुंबरबाईंना चष्म्यापासून सगळं सांगावं लागणार. ते आबा उद्यावर ढकलत होते.

"हे काय हातात?" लोटननं विचारलं.

"नातीनं बांधलं. पाय मोजतं अन् नाडी मोजतं."

लोटन दचकून मागं सरकला. "ऐकतं का आपलं बोलनं?"

"नाही म्हने. कुठी गेलो तेही कळत नाही. मी ईचारूनच बांधलं."

"मंग हुशारीचं काम केलं. पन पाय हलवू नको आता. चूप बस."

आबा चूप बसले. पट्ट्याचा हात त्यांनी खाटेच्या गादीवर उताणा ठेवला आणि चहा डाव्या हातानं घेतला. मंदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करत बशी पुढं केली. चहा नेहमीसारखा होता, घट्ट, आल्याचा, आणि घरी मिळत नाही इतका गोड.

"बोलता बोलता हात हालते ना तुझा," लोटन म्हणाला. "दाबून धर."

अशा रीतीनं दोन वयस्क माणसं, एकाच्या मनगटावर दुसऱ्याचा पंचा दाबून ठेवून, तब्बल एकोणचाळीस मिनिटं केळीच्या भावावर आणि झोक्याच्या दोरावर बोलत बसली. निघताना आबांना अगदी निर्धास्त वाटत होतं. नाल्याच्या पायवाटेनं ते आपल्या मळ्यात गेले, नळ्या तपासल्या, बारकूशी दोन शब्द बोलले आणि आठच्या सुमाराला नेहमीच्या रस्त्यानं घरी आले.

*

दहा वाजता मागच्या पडवीत सांजोऱ्या तळणं चालू होतं. झुंबरबाई कढईशी, सुलक्षणा पोळपाटाशी, सारिका सारण भरत होती. भूपेंद्र खुर्ची घेऊन उगाच तिथंच बसला होता, कारण पहिला घाणा निघत होता. आबा दाराशी पाटावर बसले होते. ऋतिका खाली मांडी घालून बसली होती, समोर फोन आणि वही.

"एकूण सात हजार आठशे ऐंशी," तिनं जाहीर केलं.

"बापरे!" सारिका म्हणाली. "मी महिन्यात इतकी चालत नाही. आबा, जिंकलात."

आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"पण बसत नाही," ऋतिका म्हणाली.

"काय बसत नाही?"

"हिशेब. घरापासून मळ्याचं फाटक अकराशे मीटर. मी काल गाडीतून मोजलं. आबांचं पाऊल बावन्न सेंटिमीटर. म्हणजे एकवीसशे-बावीसशे पावलांत मळा यायला हवा. परत येताना बरोबर तेवढीच पडली आहेत. पण जाताना बघा, आबा न थांबता तीन हजार पन्नास पावलं चालले. म्हणजे जवळजवळ सोळाशे मीटर. तिथं पाच बावीसपासून सहा वाजून एक मिनिटापर्यंत अजिबात हालचाल नाही. अजिबात म्हणजे अजिबात. बसलेल्या माणसाचा हात इतका स्थिर नसतो. नंतर परत एकोणीसशे पावलं, आणि मग मळ्यातली कामं सुरू."

ती आनंदानं वर बघू लागली. प्रयोगशाळेत असं काही सापडलं की सगळे टाळ्या वाजवत असावेत. इथं कोणी वाजवल्या नाहीत.

"मळ्याच्या पुढे पाचशे मीटर काय आहे?" भूपेंद्रनं सावकाश विचारलं.

"नाला," सुलक्षणा म्हणाली.

"म्हणजे आबा आपला मळा ओलांडून पुढे नाल्यात जातात. अंधारात. आणि तिथं चाळीस मिनिटं हलत नाहीत. मग फिरून मळा शोधतात." त्याचा आवाज बदलला. "आबा, रस्ता आठवत नाही का तुम्हाला?"

"काय बोलू राह्यला तू?"

"रागावू नका. आमच्या कंपनीतल्या एकाच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. रोजचा रस्ता. एक दिवस चुकले, मग दुसऱ्या दिवशी." तो उभा राहिला. "सुलक्षणा, त्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर आहे ना? सण झाला की परवाच नेऊ. आता बँडबिंडचा प्रश्नच नाही. आबांना एकटं सोडायचंच नाही. जळगावलाच न्यायचं."

काल सारिका बिल्ल्यावरून भांडत होती, पण आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं आबांजवळ सरकून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आबा, आज वार कोणता हो?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकेकाकडे पाहिलं. झुंबरबाईंचा झारा कढईवर थांबला होता, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते आबांना सहन होईना. ती बाई घाबरली होती. गेल्या पन्नास वर्षांत आबांनी तिला दोनदाच घाबरलेलं पाहिलं होतं.

जळगावची गॅलरी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. वेडा म्हणवून घेऊन तिथं बसायचं, नाहीतर शहाणं राहून इथं बोलायचं.

"बुधवार," ते म्हणाले. "अन् मी रस्ता चुकेल नाही. मारुतीपासून मी उजवीकडे वळतो. डावीकडे नाही."

"उजवीकडे काय आहे?" ऋतिकानं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

बाकी सगळ्यांना माहीत होतं.

"लोटनचा मळा," आबा म्हणाले.

कढईत सांजोरी चुरचुरत राहिली.

एकदा सुरू झाल्यावर मात्र आबा थांबले नाहीत. चार वर्षांचा चहा सांगितला. नाला सांगितला. चष्मा सांगितला, कागद सांगितला, सही सांगितली. "प्रेसवाल्यानं नाव नाही गायलं," ते म्हणाले. "मी गायलं. वाचलंच नाही तं दिसीन कसं?"

झुंबरबाई झारा हातात धरून ऐकत होत्या.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खालचा होता, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की त्यांचा आवाज चढला तर बरं असतं. "गिरनी त्या रस्त्याले हाये. मंदाच्या दारावरून जायले नको, म्हनून मी डोक्यावर दयन घेऊन पार बसस्टँडच्या गिरनीवर जाते. नऊ वर्षं. व ऋतिका, हा पट्टा माह्या हातात असता तं किती पावलं झाली असती?"

ऋतिकानं खरोखरच वही ओढली. सुलक्षणानं तिचा हात धरला.

"माह्या नावानं तुम्ही भांडन ठेवलं, अन् स्वतः जाऊन चहा पेत बसले!"

"तसं नाही, झुंबर..."

"मंग कसं?"

आबांकडे एकच गोष्ट उरली होती, जी त्यांनी लोटनच्या सांगण्यावरून झाकून ठेवली होती. आता झाकण राहिलंच नव्हतं.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "लाईट पहाटेची होती, म्हनून मी आधी मोटर चालू कराले आपल्या मळ्यात गेलतो. तठी चक्कर आली. तिकडे लोटनकडे चहा थंडा झाला, तं तो निघाला. नाल्यानं पयत आला. मले पडेल पाहिलं. गूयाचा खडा चारला, डोक्यावर पानी मारलं. बारकू तं सातले येतो कामाले. त्याले लोटननंच घरी धाडलं, अन् सांगितलं, तूच पाहिलं असं सांग."

"लोटननाना तिथं होते?" भूपेंद्रनं विचारलं. "मी आलो तेव्हा कोणीच नव्हतं."

"शेजारच्या केयीच्या बागेत उभा होता. तू मले गाडीत घालेपर्यंत उभा होता."

भूपेंद्र खाली बसला. खुर्ची मागं होती म्हणून बरं.

"किती वाजता आले ते तुमच्याजवळ?"

"सहा वाजेल नव्हते."

"आणि पडलात कधी?"

"मोटर चालू केली, पाच मिनिटं झाली असतीन. साडेपाच धर."

"म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं," ऋतिका म्हणाली. "बाबा, अडीच तास नव्हे."

भूपेंद्रनं मान हलवली, दोनदा, तीनदा, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला. काच आधीच स्वच्छ होती. महिनाभर तो रोज रात्री त्या अडीच तासांत आपल्या बापाला एकटं पडलेलं बघत होता. सुलक्षणानं कणकेचा हात तसाच त्याच्या खांद्यावर ठेवला.

"मग जळगावचं काय?" सारिकानं हळूच विचारलं.

"राहू दे," भूपेंद्र म्हणाला. "चहाला उशीर झाला की कोणी शोधत येतंय, तर राहू दे. पण आबा, हा पट्टा..."

आबांनी मनगट वळवून पाहिलं. काल तो पट्टा त्यांना जनावराच्या दाव्यासारखा टोचत होता. आज नुसता पट्टा होता, थोडा घामानं ओला.

"ठेवतो," ते म्हणाले. "मोठा फोनबी घेऊ. नकाशा काढू दे त्याले रोज. उजवीकडे वळतो म्हनून दाखवू दे. आता मले काय त्याचं?"

सगळ्यांनी श्वास सोडला. झुंबरबाईंनी मात्र नाही. त्यांनी झारा परातीत ठेवला, पदराला हात पुसले आणि सुलक्षणाला म्हणाल्या, "मंदाचा नंबर हाये का तुह्याजवळ?"

सुलक्षणा क्षणभर घुटमळली. "आहे."

"तुझ्याकडे कसा?" भूपेंद्रनं विचारलं.

"नंतर सांगते," सुलक्षणा म्हणाली, आणि फोन लावून सासूबाईंच्या हातात दिला. स्पीकर तिनं मुद्दाम लावला की चुकून, ते पुढंही कधी कळलं नाही.

घंटी वाजू लागली. आबांच्या मनगटावर आकडा उजळला, एकशे बारा. त्यांनी दुसरा तळवा त्यावर ठेवला.

"कोन?" पलीकडून मंदाबाईंचा आवाज आला.

"मी. झुंबर."

पलीकडे काहीतरी पितळेचं खाली पडलं आणि बराच वेळ गरगरत राहिलं.

"अक्का?"

"ह्याईच्या चहात साखर किती टाकू राह्यली तू?"

आता पडवीत कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

"दोन चमचे," मंदाबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळेना. "आबा म्हनत, घरी नाही भेटत."

"साखरेचा आजार हाये त्याईले, मंदा! गोळी घेतात, अन् तू दोन चमचे टाकते! उद्यापासून बंद. एक दाना नाही."

"नाही टाकनार, अक्का."

"अन् ऐक. उद्या आखाजी, सासऱ्याच्या नावानं घागर भरायची. तुमी तठी एक भरता, आमी अठी एक भरतो. त्या मानसानं वरून येऊन किती ठिकानी जेवायचं? म्हाताऱ्याले दमवू राह्यलो आपन. उद्या एकच भरू. दोघं अकराले या."

"येतो," मंदाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "अक्का, एक ईचारू? मांडे कराले गेले की हातावरच फाटतात व माझे. तुमच्याजवळून शिकायचं राहूनच गेलं."

"गहू किती वेळ ओला ठेवते?"

"रातभर."

"रातभर नाही ठेवत, मंदा! कोनी सांगितलं तुले?" झुंबरबाई फोन कानाशी धरून पडवीच्या पायरीवर नीट मांडी घालून बसल्या. "ध्यान देऊन ऐक. आधी गहू..."

कढईतल्या सांजोऱ्या तांबूसच्या पुढं गेल्या होत्या. सुलक्षणाचे हात कणकेत होते, सारिका डोळे पुसत होती, आणि बोलणं तोडायची कोणाची छाती नव्हती. शेवटी आबाच उठले. त्यांनी झारा घेतला आणि एकेक करून सांजोऱ्या बाहेर काढल्या. काही चांगल्या निघाल्या, बऱ्याच काळ्या. काळ्यातली एक त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली.

"आबा, गोड आहे ती," ऋतिका कुजबुजली.

"जयेल हाये," आबा करपलेली बाजू दाखवत कुजबुजले. "जयेल गोड मोजत नाहीत."

तिनं डोळे मोठे केले. त्यांनी अर्धी मोडून तिला दिली. झुंबरबाई अजून गहू वाळवण्यापर्यंतच आल्या होत्या, मळणं, तिंबणं सगळं बाकी होतं.

"नाडी किती आहे बघू?" ऋतिकानं विचारलं.

आबांनी झारा खाली ठेवून मनगट वळवलं. पायरीवर झुंबरबाई मोठ्यानं हसल्या, पलीकडून मंदाबाईही हसल्या.

"अठ्ठ्याऐंशी," आबा म्हणाले. "उतरू राह्यली."